अंटार्क्टिकाला जायचंय? जहाज लहानच बघा

सहल शोधताना लोक आधी केबिन बघतात, बाल्कनी बघतात. मी म्हणेन, आधी प्रवासीसंख्या बघा. तिथल्या पर्यटन कंपन्यांच्या 'आयाटो' या संघटनेचा नियम आहे: एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नकोत. जहाजावर ५०० हून अधिक प्रवासी असतील, तर कुणीच उतरायचं नाही. पेंग्विन डेकवरूनच बघायचे! लहान जहाजात पाळीची वाट बघणं वाचतं.

बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतात. मग ड्रेक पॅसेज, साधारण दोन दिवस. समुद्र खवळला तर हाल होतात, म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. पण जमेल तेव्हा डेकवर या. पंख न हलवता जहाजामागे तरंगणारे अल्बाट्रॉस तिथेच दिसतात.

किनाऱ्यावर रबरी होडीतून उतरायचं, पेंग्विनपासून किमान ५ मीटर लांब राहायचं. ये-जा करून त्यांनी बर्फात वाटा पाडलेल्या असतात. त्यावर पाय ठेवायचा नाही, पेंग्विन आला तर आपण थांबायचं. बूट जंतुनाशकात धुवायचे. बर्ड फ्लूमुळे हल्ली खाली बसायलाही मनाई.

कधी जावं? नोव्हेंबरात कोरा बर्फ आणि घरट्यांची धांदल. जेंटू पेंग्विन शेजाऱ्याचे खडे बिनदिक्कत चोरतात! डिसेंबरअखेरीपासून जानेवारीत पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर, पण वसाहतीत चिखल आणि वास जबर. मला विचाराल तर तरीही फेब्रुवारीच.

आणि हो, पांढरी अस्वलं इथे नाहीत. त्यांच्यासाठी उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार्डला जावं लागतं.