धूरशोषक, पुनराभिसारी

धूरशोषक, पुनराभिसारी : स्वयंपाक करताना शेगडीवरून वर जाणारी हवा पंख्याने ओढून घेऊन, तिच्यातील तेलाचे तुषार व वास गाळण्यांमध्ये अडवून, तीच हवा पुन्हा खोलीत सोडणारे विद्युत् उपकरण. हे उपकरण शेगडीच्या वर टोपासारखे बसविलेले असते. भारतात त्याला सामान्यतः ‘डक्टलेस चिमणी’ म्हणतात. यातील चिमणी हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. चिमणीतून धूर घराबाहेर जातो. या उपकरणातून काहीही घराबाहेर जात नाही. गाळण्यांनी जे अडविले तेवढेच हवेतून कमी होते व बाकीचे सर्व खोलीतच राहते. उपकरणाचे गुण, त्याच्या मर्यादा आणि त्याविषयीच्या बहुतेक तक्रारी या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

हवा नळाने बाहेर सोडणारा धूरशोषक अधिक परिणामकारक असतो, याविषयी दुमत नाही. तरीही पुनराभिसारी प्रकार वापरात आहे, याची कारणे देशपरत्वे वेगळी आहेत. थंड हवेच्या यूरोपीय देशांत तापविलेली हवा बाहेर फेकणे म्हणजे इंधन फेकणे होय. शिवाय लाकडावर चालणारी व खोलीतील हवाच वापरणारी शेकोटी घरात असेल, तर जोरदार पंख्यामुळे खोलीतील दाब घटून शेकोटीच्या धुराड्यातील विषारी वायू उलट घरात ओढले जाण्याचा धोका असतो. म्हणून जर्मनीत अशा घरांतील दाबाची घट ४ पास्कालपेक्षा अधिक होऊ न देण्याचा दंडक आहे. पुनराभिसारी धूरशोषकाने खोलीतील दाब बदलत नाही, त्यामुळे तेथे तो सोयीचा ठरतो. मुंबई-पुण्यातील सदनिकांमध्ये अडचण निराळी असते. स्वयंपाकघराला बाहेरची भिंत नसणे, दर्शनी भिंतीला भोक पाडण्यास मनाई असणे, अथवा नळ दिवाणखान्यातून न्यावा लागणे यांमुळे हा प्रकार पत्करावा लागतो.

रचना : धूरशोषकाच्या तळाशी तेल अडविणारी धातूची गाळणी, तिच्यामागे विद्युत् चलित्र व त्यावर फिरणारा पंखा, पंख्याच्या तोंडाशी वा त्याच्या दोन्ही बाजूंस कार्बनची गाळणी आणि वरच्या भागात हवा परत सोडणाऱ्या झडपा किंवा फटी असा सर्वसाधारण क्रम असतो. पुष्कळ नमुने दोन्ही प्रकारे वापरता येतात. त्यांत हवा नळाकडे न्यावयाची की खोलीत सोडावयाची हे ठरविणारी एक कळ असते. अशा नमुन्यांबरोबर कार्बनची गाळणी बहुधा येत नाही, ती वेगळी विकत घ्यावी लागते. ही बाब लक्षात न आल्याने केवळ धातूच्या गाळणीवर महिनोन् महिने चालविलेले धूरशोषक पुष्कळ आढळतात.

धातूची गाळणी ॲल्युमिनियमच्या अनेक पदरी जाळीची किंवा अगंज पोलादाच्या वळणदार पट्ट्यांची असते. दुसऱ्या प्रकारास ‘बॅफल’ म्हणतात. हवेला वेगाने वळण घ्यावे लागले की हलकी हवा वळते, पण तेलाचे जड थेंब जडत्वामुळे सरळ जाऊन धातूवर आपटतात व तेथेच चिकटतात. फोडणी व तळण यांचे प्रमाण जास्त असलेल्या भारतीय स्वयंपाकास वळणदार पट्ट्यांची गाळणी अधिक मानवते. जाळीची गाळणी लवकर भरते व धुण्यासही कष्टाची असते. कोणत्याही प्रकारची गाळणी दर दोन ते चार आठवड्यांनी कोमट पाणी व सौम्य प्रक्षालक यांनी धुवावी आणि पूर्ण वाळवूनच बसवावी. दाहक सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणून तो वर्ज्य. तीव्र प्रक्षालकाने ॲल्युमिनियम काळवंडते, परंतु केवळ रंग बदलल्याने गाळणी निरुपयोगी होत नाही.

कार्बनची गाळणी : वास ही वायुरूप रेणूंची करामत आहे. धातूच्या गाळणीतून हे रेणू सहज निसटतात. त्यांना अडविण्यासाठी सक्रियित कार्बन वापरतात. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा यांपासून केलेल्या कोळशावर उच्च तापमानास वाफेची अथवा रसायनांची प्रक्रिया केली, म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. या छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ एका ग्रॅमला साधारण ५०० ते १,५०० चौ. मी. इतके भरते. चिमूटभर भुकटीत एखाद्या मोठ्या सदनिकेच्या कित्येक पट पृष्ठभाग सामावलेला असतो, असे म्हणता येईल. वासाचे रेणू या पृष्ठभागावर दुर्बल आकर्षणाने चिकटून राहतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा वापर सुरू झाल्यावर रशियन रसायनशास्त्रज्ञ न्यिकलाय झेलिन्स्की यांनी १९१५ मध्ये सक्रियित कोळशाचा वायुमुखवटा तयार केला. स्वयंपाकघरातील गाळणी त्याच तत्त्वावर चालते.

अधिशोषणाचे तीन गुणधर्म व्यवहारात ध्यानी ठेवावे लागतात. पहिला असा की, पृष्ठभाग मर्यादित असल्याने तो कधीतरी भरतोच. गाळणीचे आयुष्य महिन्यांत मोजण्यापेक्षा तळणाच्या घाण्यांत मोजणे अधिक खरे ठरेल. सामान्य गाळणी तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते. रोज तळण होणाऱ्या घरात ती त्याआधीच निकामी होते. दुसरा गुणधर्म असा की, तापमान वाढले की चिकटलेले रेणू सुटू लागतात आणि हवा दमट असली की पाण्याचे रेणू छिद्रांतील जागा व्यापतात. कोकणपट्टीतील पावसाळ्यात गाळणी मंदावल्यासारखी वाटते, त्याचे एक कारण हेच. तिसरा असा की, तेलाचा पातळ थर छिद्रांच्या तोंडावर बसला म्हणजे आतील जागा रिकामी असूनही उपयोगाची राहत नाही. त्यामुळे धातूची गाळणी धुण्याचा आळस केल्यास त्याची किंमत कार्बनच्या गाळणीच्या रूपाने मोजावी लागते.

भरलेली गाळणी उन्हात ठेवून ताजी करण्याचा प्रयत्न अनेक घरांत केला जातो. उन्हाने ओलावा व काही हलके रेणू निघून जातात, त्यामुळे दोन-चार दिवस फरक जाणवतो. छिद्रांतील तेल मात्र तसेच राहते. कारखान्यांत वापरलेल्या कार्बनचे पुनरुज्जीवन सुमारे ७०० ते ९०० से. तापमानास वाफेच्या साहाय्याने करतात. उन्हाकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ आहे. साधी गाळणी पाण्याने धुतल्यास ती कायमची बिघडते. धुण्याजोग्या म्हणून मुद्दाम बनविलेल्या गाळण्या वेगळ्या असतात. त्या गरम पाण्याने धुऊन भट्टीत सुमारे १०० से. तापमानास सुकवितात व निर्मात्याच्या सूचनांनुसार दोन ते तीन वर्षे वापरता येतात.

गाळणीत न अडकणारे पदार्थ : पाण्याची वाफ दोन्ही गाळण्यांतून जवळजवळ सगळीच पार होते. ही वाफ केवळ पातेल्यातून येते असे नाही. द्रवीकृत खनिज तेल वायू जळताना त्यातील हायड्रोजनापासून पाणी तयार होते. एक किग्रॅ. वायूपासून सुमारे १·६ किग्रॅ. पाणी व ३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे १४·२ किग्रॅ. वायूचे एक नळकांडे संपेपर्यंत केवळ ज्वलनातून २२ ते २३ लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते. हवा बाहेर जाण्यास वाव नसेल, तर हेच पाणी भिंतीवर, कपाटांच्या आतील बाजूस व छताच्या कोपऱ्यांत साचून बुरशीला निमंत्रण देते.

कार्बन मोनॉक्साइडाची गोष्ट याहून गंभीर आहे. त्याचा उत्कलनबिंदू –१९१·५ से. इतका खाली असल्याने नेहमीच्या तापमानास तो सक्रियित कार्बनावर टिकत नाही. शिवाय त्याला वास नसतो. निळ्या, स्थिर ज्योतीच्या शेगडीत तो अल्प प्रमाणात तयार होतो. ज्योत पिवळी होऊन भांड्यांना काजळी धरू लागली की त्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी दुरुस्तीची गरज शेगडीला असते, धूरशोषकाला नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन निर्माण होणारा नायट्रोजन डाय-ऑक्साइड ताज्या कार्बनाने काही अंशी कमी होतो, परंतु गाळणी जुनी होत जाईल तसा हा लाभ घटतो. तळणाच्या धुरातील एका मायक्रोमीटरपेक्षा सूक्ष्म कणांचा मोठा भागही गाळण्यांतून निसटतो. उच्च तापमानास तळण्यातून निघणारी उत्सर्जिते मानवात ‘बहुधा कर्ककारक’ असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ९५ व्या ग्रंथात नमूद केले आहे. तात्पर्य, वास नाहीसा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, हे समीकरण येथे लागू पडत नाही. खिडकी बंद करून वायूच्या शेगडीवर दीर्घकाळ स्वयंपाक करणे व त्यासाठी या उपकरणावर विसंबणे हे धोक्याचे आहे. विजेच्या प्रवर्तन शेगडीत ज्वलनच नसल्याने तिच्याबरोबर हा प्रकार त्या मानाने निर्धोक ठरतो.

वापर : वायूच्या शेगडीपासून धूरशोषकाची उंची साधारणतः ६५ ते ७५ सेंमी. ठेवतात. याहून खाली तो असल्यास गाळणीवरील तेल पेटण्याची भीती असते आणि फार वर असल्यास धूर कडेने निसटतो. फोडणी चरचरल्यावर पंखा लावण्याची सवय सर्वत्र दिसते. वस्तुतः शेगडी पेटवितानाच तो मंद गतीने सुरू करावा, म्हणजे हवेचा प्रवाह आधीच बांधला जातो. स्वयंपाक आटोपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे तो चालू ठेवल्यास गाळणीतील ओल कमी होते. छताचा पंखा व समोरून येणारा वारा धुराचा लोट बाजूस ढकलतात. म्हणून खिडकी उघडी असावी, परंतु तिच्यातून येणारा झोत सरळ शेगडीवर पडू नये. भिंतीत एक्झॉस्ट पंखा असल्यास तोही जोडीला लावावा. वाफ व ज्वलनाचे वायू बाहेर काढण्याचे काम त्याचेच आहे. रिकाम्या शेगडीची मोठी ज्योत धूरशोषकाखाली तशीच जळत ठेवू नये. कढईतील तेल पेटलेच, तर धूरशोषक व शेगडी दोन्ही बंद करून कढईवर झाकण घालावे. पाणी कदापि टाकू नये.

दोष व त्यांचे निवारण : वास जात नाही, ही सर्वांत सार्वत्रिक तक्रार होय. प्रथम कार्बनची गाळणी मुळात बसविलेली आहे काय हे पाहावे. नव्या गाळणीवरील प्लॅस्टिकचे वेष्टन न काढताच ती बसविल्याचे प्रकारही घडतात. हवेची दिशा ठरविणारी कळ नळाच्या बाजूस राहिली असेल, तर हवा बंद तोंडावर आदळून आतल्या आत घुसमटते. गाळणी नीट न बसल्यास तिच्या कडेच्या फटीतून हवा परस्पर निघून जाते. यांपैकी काही नसेल, तर गाळणी भरली आहे असे समजून ती बदलावी. गाळणी बदलण्याची आठवण देणारा दिवा पंखा किती तास चालला एवढेच मोजतो. गाळणीत काय साठले आहे हे त्याला कळत नाही, म्हणून त्याच्यापेक्षा नाकावर अधिक भिस्त ठेवावी.

पंख्याचा आवाज वाढून ओढ कमी झाल्यास दोष गाळणीत आहे की चलित्रात, हे एका साध्या चाचणीने ठरविता येते. धातूच्या गाळणीखाली पातळ कागद धरून तो चिकटतो का ते पाहावे. मग वीज बंद करून कार्बनची गाळणी काढावी, धातूची गाळणी जागेवर बसवून चाचणी पुन्हा करावी. कागद आता घट्ट चिकटला, तर कार्बनची गाळणी तेलाने तुंबली आहे. फरक न पडल्यास धातूची गाळणी धुऊन पाहावे. तरीही ओढ येत नसेल, तर पंख्याच्या पात्यांवर साचलेले तेल किंवा चलित्राला जोडलेला कपॅसिटर यांकडे लक्ष द्यावे लागते व ते काम जाणकाराकडे सोपवावे. नवी कार्बन गाळणी बसविल्यावर ओढ थोडी कमी होते व आवाज थोडा वाढतो, तो मात्र दोष नव्हे. दाट गाळणीतून हवा ढकलण्याचा तो परिणाम असतो.

स्वयंपाक चालू नसताना, विशेषतः दुपारच्या उकाड्यात, धूरशोषकातून शिळ्या तळणाचा वास येऊ लागतो. भरलेल्या गाळणीतील रेणू उष्णतेने सुटत असल्याचे हे लक्षण आहे व त्यावर गाळणी बदलण्याखेरीज उपाय नाही. धूरशोषकाच्या कडेवरून पाण्याचे थेंब ओघळत असल्यास गाळणीला दोष देण्यात अर्थ नाही. वाफेला बाहेर जाण्यास वाट हवी आहे, एवढेच त्यावरून समजावे. ओघळणारे थेंब तेलकट असतील, तर धातूची गाळणी भरली आहे किंवा ओलीच बसविली आहे. काही नमुन्यांत तेल साठविणारी वाटी असते. ती न रिकामी केल्यामुळेही असे होते.

काही नव्या उपकरणांत कार्बनाऐवजी किंवा त्याच्या जोडीला विद्युत् विसर्जनाचा वापर करून वासाच्या रेणूंचे विघटन करतात. या क्रियेत ओझोन निर्माण होऊ शकतो व तो श्वसनमार्गाला अपायकारक आहे. असे उपकरण घेताना त्यातील ओझोन अडविण्याची सोय पाहावी; पुष्कळ नमुन्यांत त्यासाठी शेवटी कार्बनचाच थर दिलेला असतो. वापरलेली कार्बन गाळणी तेलाने माखलेली व ज्वालाग्राही असल्याने ती शेगडीजवळ साठवून ठेवू नये व चुलीत जाळू नये, तर कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावी.