मधमाशीचा खरा हिवाळा

मधमाशीपालनावरील पाश्चात्त्य ग्रंथांत हिवाळ्यातील हानीला मोठे स्थान दिलेले आढळते. युरोपात कडाक्याची थंडी पडली म्हणजे माश्या पोळ्यावर दाट घोळका करून बसतात व साठविलेला मध खाऊन ऊब निर्माण करतात. मध अपुरा पडला, किंवा व्हरोआ या परोपजीवीने माश्या आधीच क्षीण केल्या असल्या, तर ती वसाहत वसंत ऋतू पाहत नाही.

कुंभकोणमजवळील तिरुक्करुगावूर गावी असा हिवाळा येतच नाही. तेथील शिवाचे नाव मुल्लैवननादर, म्हणजे जुईच्या वनाचा स्वामी! तरीही कावेरीच्या या प्रदेशात माश्यांची उपासमार होऊ शकते, आणि ती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात. सह्याद्रीवर हाच काळ जूनमध्ये सुरू होतो. कारण फुले दुर्मिळ झाली व उड्डाण थांबले, की माशीचा हिवाळा आला असे समजावे. मग हवा उबदार का असेना.

महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यापूर्वी जांभळाच्या बहरात पेट्या मधाने भरतात आणि हौशी पालक मे महिन्यात शेवटची चौकटही पिळून घेतो. हा लोभ पुढे महाग पडतो. आपली सातेरी माशी उपाशीपोटी फार काळ वाट पाहत नाही. राणीचे अंडी घालणे मंदावते, उरलेली पिले बाहेर पडतात, आणि एके दिवशी सर्व वसाहत उरलासुरला मध पोटात घेऊन घर सोडून जाते.

रिकामी पेटी नीट पाहिली तर ती बोलते. पोळी कोरडी, पिलावा नाही, मेलेल्या माश्याही नाहीत, तर वसाहत उठून गेली. माश्या डोकी घरांत खुपसून मेलेल्या दिसल्या, तर त्या भुकेने मेल्या. मेणकिड्याची जाळी दिसताच पुष्कळ जण त्यालाच दोष देतात. पण बहुधा तो नंतर आलेला असतो.

सर्वच हानी भुकेची नसते. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. त्या रोगाने पिले थैलीसारखी फुगून मरतात. तेथे साखरेचा उपयोग नाही.

भुकेवर मात्र इलाज पालकाच्या हाती आहे. पावसापूर्वीचा मध पेटीत राहू द्यावा. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यावी, म्हणजे मेणकिड्यास थारा मिळत नाही. साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक सायंकाळी पेटीच्या आत ठेवावा; दिवसा उघड्यावर ठेवल्यास शेजारच्या माश्या लुटालूट करतात. पाऊस उघडून कामकरी माश्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन परतू लागल्या, की पाक देणे हळूहळू थांबवावे.