मे महिन्यात डिंभ्याचे मासे कुठे जातात?

घोड नदीवरच्या डिंभे धरणाचं पाणी कालव्यांनी शेतीला जातं आणि उन्हाळ्यात जलाशय आक्रसतो. तेवढेच मासे कमी पाण्यात एकवटतात. मग मासेमारी सोपी व्हायला हवी, पण होते असं नाही.

कारण पाण्याचे थर. उन्हाने वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यात मिसळेनासं होतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. तळाशी तर कुजणारा गाळच प्राणवायू खाऊन टाकतो. वर उकाडा, खाली घुसमट, म्हणून भर दुपारी मासे मधल्या थरात राहतात आणि काठावर गळ टाकून बसलेल्याच्या हाती फारसं लागत नाही. संध्याकाळी काठ निवला की ते चरायला उथळात येतात. जाळं रात्रभर लावून पहाटे उचलण्यात हेच गणित आहे.

जाळं किती खोलीवर लावायचं हेही महत्त्वाचं. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार मोठा ठेवला तर लहान मासे निसटून वाढतात. हे तिन्ही मासे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे, साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून दरवर्षी जलाशयात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडावी लागतात. इथे मासेमारीसाठी धरणग्रस्त आदिवासींची मच्छिमार सहकारी संस्था आहे. ‘शाश्वत’ या स्वयंसेवी संस्थेने तिला साथ दिली.