गांधीहत्येचा तपास : जबाब, अहवाल आणि पुस्तके

नारायणराव पेशव्यांचा खून सोडला, तर मराठीत गांधीहत्येइतके दुसऱ्या कोणत्याही राजकीय हत्येवर लिहिले गेले नसेल. त्यातले बरेचसे लेखन मात्र आधीच्या पुस्तकांवरून पुढची पुस्तके अशा रीतीने झालेले आहे. मूळ साधने मोजकीच आहेत : लाल किल्ल्यातील खटल्याचे कागद, पोलिसांच्या डायऱ्या व जबाब आणि न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या चौकशी आयोगापुढील साक्षी. यांपैकी कपूर अहवालाचे नाव सगळ्यात जास्त घेतले जाते आणि वाचला जातो सगळ्यात कमी.

घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात मदनलाल पाहवा याने स्फोट घडवला व तो जागीच पकडला गेला. ३० जानेवारीला नथुराम गोडसे याने गांधीजींवर गोळ्या झाडल्या. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप सुनावली आणि वि. दा. सावरकरांना निर्दोष सोडले. जन्मठेप झालेल्यांपैकी डॉ. परचुरे व शंकर किस्तय्या उच्च न्यायालयात सुटले. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे व आपटे यांना फाशी झाली.

खटल्याचा कणा होता माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे, पुण्यातला शस्त्रविक्रेता. गोडसे-आपटे सावरकरांना भेटायला गेले आणि सावरकरांनी त्यांना यश चिंतले, असे त्याने सांगितले. न्यायालयाने बडगेला एकंदरीत विश्वासार्ह मानले. पण सावरकरांपुरता त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा नाही, म्हणून तेवढ्यावर दोषी ठरवणे धोक्याचे मानले. सरकारने या निकालाविरुद्ध अपील केले नाही. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या एका कायदेशीर मुद्द्यात आहे.

आयोग नेमला गेला तो पुण्यातल्या एका सत्यनारायणामुळे. गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल शिक्षा भोगून सुटले, तेव्हा १२ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांच्या सत्कारासाठी पूजा झाली. लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी तिथे सांगितले की, नथुरामचा बेत आपल्याला आधीच माहीत होता आणि बाळूकाका कानिटकरांकरवी तो मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या कानी घातला होता. संसदेत गदारोळ झाला. आधी गोपाल स्वरूप पाठक, मग १९६६च्या नोव्हेंबरात कपूर यांची नेमणूक झाली. त्यांनी १०१ साक्षीदार तपासून १९६९च्या सप्टेंबरात अहवाल दिला.

या अहवालातील सर्वांत वाचनीय भाग २० ते ३० जानेवारी या दहा दिवसांचा आहे. रुइया महाविद्यालयातले प्राकृतचे अभ्यासक प्रा. जगदीशचंद्र जैन यांची पुस्तके मदनलाल विकत असे. त्याने कटाची गोष्ट त्यांना आधीच बोलून दाखवली होती. स्फोटाची बातमी वाचताच जैन २१ तारखेला खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई सेंट्रल स्थानकावर उपायुक्त जमशेद नगरवाला यांना माहिती दिली. जैनांचे नाव मात्र त्यांच्याच विनंतीवरून सांगितले नाही. नगरवालांच्या मनाने घेतले की हा गांधीजींना पळवून नेण्याचा कट आहे. दिल्लीहून आलेल्या दोन पोलीस अधिकाऱ्यांना त्यांनी परत पाठवले.

तिकडे दिल्लीत मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका हिंदुत्ववादी पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. मुंबई सरकारच्या दप्तरी वृत्तपत्रांची यादी तयार होती आणि तीत ‘हिंदू राष्ट्र’चा संपादक गोडसे, मालक आपटे अशी नोंद होती. यादी उघडून पाहण्याचे काम कोणी केले नाही. गोडसे-आपटे दिल्लीत उतरले होते त्या मरिना हॉटेलात मागे राहिलेल्या कपड्यांवरील ‘एन. व्ही. जी.’ ही धोब्याची खूणही वाया गेली. पुणे सीआयडीचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा दिल्लीतच होते. २५ तारखेला त्या जबाबाची प्रत घेऊन ते निघाले, ते विमानाने नव्हे तर अलाहाबादमार्गे रेल्वेने, आणि २७ तारखेला मुंबईस पोचले. त्याच दिवशी गोडसे आणि आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, आणि २८ला पिस्तूल हाती. कपूर यांनी हे सारे न्यायाधीशाच्या थंड भाषेत मांडले आहे, म्हणून ते अधिक बोचते. कोणत्याही गूढ सिद्धान्तापेक्षा ढिलाईची ही नोंद जास्त पटते.

सावरकरांविषयी कपूर यांनी प्रतिकूल निष्कर्ष काढला. त्यांचे अंगरक्षक अप्पा कासार व सचिव गजानन दामले यांचे १९४८च्या मार्चमधले पोलीस जबाब, ज्यांत भेटीगाठींचा तपशील होता, खटल्यात आलेच नव्हते. ते कपूर यांच्यापुढे होते. पण या जबाबांची उलटतपासणी कधी झाली नाही आणि कपूर यांच्या नेमणुकीआधीच, २६ फेब्रुवारी १९६६ रोजी, सावरकर निवर्तले होते. अहवाल हा निकाल नव्हे. आणि सुटका म्हणजे इतिहासाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. दोन्ही बाजूंच्या लेखकांना यातले एकच वाक्य आठवते.

पुस्तके लिहिणाऱ्यांपैकी तटस्थ फार थोडे. न्या. जी. डी. खोसला हे अपील ऐकणारे न्यायाधीश, पु. ल. इनामदार परचुऱ्यांचे वकील, जैन साक्षीदार, गोपाळ गोडसे तर आरोपीच. त्यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’वर बंदी आली व १९६९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही आगीत गेला. त्या आठवणींची धग मराठीतल्या कित्येक लेखनामागे आहे. य. दि. फडके यांचे ‘नथुरामायण’ याला अपवाद : त्यातही हेतू आहे, रंगभूमीवरच्या नथुरामला उत्तर देण्याचा, पण ते उत्तर कागदपत्रांतून दिलेले आहे.

गोव्याच्या वाचकाला सर्वांत जवळचा लेखक म्हणजे मनोहर माळगावकर. मारिओ मिरांडांच्या चित्रांसह ‘इन्साइड गोवा’ लिहिणारे हे निवृत्त लेफ्टनंट कर्नल गोव्याच्या सीमेपलीकडे जोयडा तालुक्यातल्या जगलबेटला राहत. गांधींच्या मारेकऱ्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७८चे. सुटून आलेले आरोपी आणि बडगे यांच्याशी त्यांनी प्रत्यक्ष बोलून घेतले. गाड्या, हॉटेले, भांडणे यांचा इतका जिवंत तपशील दुसरीकडे नाही. कादंबरीकाराचे हे बळ आणि हीच मेख : तुरुंगात पंधराहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःची गोष्ट कशी सांगायची ते चांगले माहीत असते. २००८च्या आवृत्तीत माळगावकरांनी आणखी एक गोष्ट जोडली. सावरकरांना फार तकलादू आधारावर गोवले आहे, असे डॉ. आंबेडकरांनी वकील ल. ब. भोपटकरांना खाजगीत सांगितले होते, असा तो दावा. आंबेडकर १९५६मध्ये गेले. असा ऐकीव दावा नोंदवावा, त्यावर इमारत उभारू नये.

गांधीजींना आणखी एक, चौथी गोळी लागली होती, हा सिद्धान्त त्याहून कच्चा. गांधीजींच्या देहाची उत्तरीय तपासणी झाली नव्हती, आणि त्या फटीतून तो वाढला. फेरतपासाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०१८ रोजी फेटाळली. अमेरिकेत केनेडी हत्येवरील वॉरन आयोगाने साक्षी-पुराव्यांचे २६ खंड छापले, तरी शंका थांबल्या नाहीत. पण तिथे वाद घालणारा निदान त्या खंडांकडे बोट दाखवतो.

१९४८मध्ये गोव्यातले पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते, छापील मजकुरावर सेन्सॉर होता. इब्रामपूरसारख्या गावांतल्या आजच्या मराठी वाचकासमोर ती अडचण नाही. कपूर अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. त्याचे इंग्रजी रुक्ष आहे, पुनरुक्ती पुष्कळ आहे. सगळा नाही जमला तरी राणांचा प्रवास आणि दामले-कासार यांचे जबाब एवढा भाग वाचावा, आणि मगच या विषयावरचे पुढचे पुस्तक विकत घ्यावे.