समीक्षकाचा कौल आणि श्रोत्याचा कान

जाणकारांनी डोक्यावर घेतलेले संगीत आपल्याला भावले नाही, तर उणीव आपल्याच कानात असावी असे सामान्य रसिक निमूटपणे मानून घेतो. परंतु मराठी संगीतसमीक्षेतील एका गाजलेल्या ग्रंथाकडे बारकाईने पाहिले, तर हा न्यूनगंड अनाठायी ठरतो. वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’त घराणी, म्हणजे गुरुशिष्यपरंपरेने घडलेल्या गायनशैली, स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान मांडली: किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर सर्वांत सरस. मांडणी रेखीव आहे खरी. मात्र ग्रंथकार स्वतः जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले होते, हे वाचकाने नजरेआड करू नये.

तोल हीच श्रेष्ठतेची कसोटी का मानावी, असे जालना जिल्ह्यातील अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवाला बसलेल्या एखाद्या श्रोत्याने विचारले, तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्या जेमतेम तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत एकेक स्वर इतका सावकाश उलगडतो, की लयीच्या करामतीची आठवणही होत नाही. शिवाय कुमार गंधर्वांसारखा, घराण्याची चौकट झुगारून माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभारणारा गायक अशा कोष्टकात सहजी बसत नाही. देशपांड्यांचा ग्रंथ नेमके काय ऐकावे हे कळण्यासाठी अवश्य वाचावा, आवडीचा निकाल मात्र त्यांच्याकडून घेऊ नये.