मधुमेह आणि जिभेचा न्याय

‘मधुमेह’ हें नांव आपल्या प्राचीन वैद्यांनीं रोगाच्या लक्षणावरून ठेविलें. रोग्याच्या मूत्रांत माधुर्य उतरतें, म्हणून तो मधुमेह. परंतु लक्षण सांगणारें हें नांव कारण सांगणारें आहे अशी सामान्य जनांची समजूत झाली, आणि तींतून एक सोपें सूत्र घरोघर रूढ झालें : जें जिभेला गोड तें विष, जें गोड नाहीं तें निर्धोक. या सूत्राच्या दोन्ही बाजू खोट्या आहेत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. तेव्हां या समजुतीची झडती घेणें प्रत्येक कुटुंबाच्या हिताचें आहे.

प्रथम शरीरांत काय घडतें तें पाहूं. तांदूळ, गहूं, ज्वारी, बटाटा, साबुदाणा यांचा मोठा भाग पिष्टाचा असतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोज नांवाच्या साध्या शर्करेच्या कणांची लांबच लांब माळ होय. पोळीचा घास पुष्कळ वेळ चावीत राहिल्यास तो गोडसर लागूं लागतो, याचा अनुभव कोणासही घेतां येईल. लाळेनें ती माळ तेथेंच तुटूं लागलेली असते. उरलेलें काम आंतड्यांत पुरें होतें आणि ग्लुकोज रक्तांत उतरतें. तें पेशींपर्यंत पोंचविण्यास इन्सुलिन लागतें. मधुमेह्याच्या देहांत हें इन्सुलिन तयार होत नाहीं, अपुरें पडतें, किंवा देह त्यास दाद देत नाहीं. म्हणून ग्लुकोज किती आलें व किती वेगानें आलें, एवढाच प्रश्न उरतो. तें पेढ्यांतून आलें कीं भातांतून, याची चौकशी रक्त करीत नाहीं.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. कित्येक गृहस्थ बिनसाखरेचा चहा घेतात, ‘आम्हीं गोड सोडलें’ असें समाधान मानतात, आणि जेवतांना तीन वेळां भात घेतात. चहांतील एक चमचा साखर सुमारें ५ ग्रॅम भरते. ५० ग्रॅम तांदुळांच्या भातांत मात्र जवळजवळ ४० ग्रॅम पिष्ट असतें. भात सोडून पोळीवर आलेल्यांनींही निश्चिंत राहूं नये. गव्हांत चोथा व प्रथिनें अधिक असल्यानें ग्लुकोज कांहींसें सावकाश उतरतें, एवढेंच. उपासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजतात; परंतु साबुदाण्याच्या १०० भागांत सुमारें ८७ भाग पिष्टच असतें, आणि प्रथिनें नाममात्र. गूळ व मध यांवरील श्रद्धा तर याहून चिवट आहे. गुळांत थोडें लोह असतें हें खरें; तथापि त्याचे १०० पैकीं सुमारें ८५ भाग साखरेचेच असतात, व मधांतही सुमारें ८० भाग शर्करा असते. ‘शुगर-फ्री’ बिस्किटांत साखर नसली तरी मैदा असतो.

उलट, फळांवर निष्कारण बहिष्कार पडलेला आढळतो. पेरू, पपई, संत्रें हीं बेतानें व चोथ्यासह खाल्लीं तर बहुतेक मधुमेह्यांना चालतात. त्यांचाच रस गाळून घेतला तर चोथा मागें राहतो आणि साखर झपाट्यानें चढते. आंब्याच्या दोन फोडी खाल्ल्यास त्या जेवणांतील भात तेवढा कमी करावा. वाटीभर आमरसावर चार पुऱ्या मात्र हिशेबांत बसत नाहींत.

कोवळ्या वयांत मधुमेह जडलेल्या मुलाच्या आईला तर ‘लाडानें गोड चारलें’ असा बोल लागतो. हा शुद्ध अन्याय आहे. या प्रकारांत बहुधा शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करिते. त्यास आईचा खाऊ कारण नसतो.

या सूत्राचा सर्वांत घातक परिणाम मात्र निराळाच आहे. इन्सुलिन अगर कांहीं विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याचें जेवण चुकलें, तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. घाम फुटतो, हात कांपतात, बोलणें असंबद्ध होतें. एकादशीस सकाळची गोळी घेऊन निराहार राहिलेल्या सासूबाईंना दुपारीं अशी घेरी येते. सूनबाई साखरेचा डबा काढतात, तोंच नणंद म्हणते, ‘अहो वहिनी, आईला मधुमेह आहे! साखर काय देतां?’ त्या क्षणीं साखर हेंच औषध असतें. मोजणींत आंकडा ७० च्या खालीं आला, किंवा मोजण्याची सोय नसतां हीं लक्षणें दिसलीं, तर चहाचे तीन चमचे साखर किंवा तितकीच ग्लुकोजची पूड पाण्यांत विरघळवून तत्काळ पाजावी. १५ मिनिटांनीं पुन्हा मोजावें, जरूर तर तेवढीच पुन्हा द्यावी, आणि बरें वाटल्यावर कांहीं खावयास द्यावें. पेढा वा लाडू देऊं नये. त्यांतील तुपामुळें साखर उशिरां पोंचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींही न घालतां रुग्णालय गांठावें. उपास धरण्यापूर्वीं त्या दिवसाच्या औषधाविषयीं डॉक्टरांस विचारणें हा त्या व्रताचाच एक नियम समजावा.

या सर्वांसाठीं घरांत निराळी चूल मांडावी लागत नाहीं. पानाच्या डाव्या बाजूस कोशिंबीर व उजव्या बाजूस भाजी ही आपली जुनीच रीत आहे. डावी बाजू नांवापुरती न वाढतां वाटीभर वाढावी. भाजी सढळ, वरण वा उसळ घट्ट, आणि भात-पोळी मिळून पानाचा पाव हिस्सा असावा. असें पान घरांतील सर्वांसच मानवेल. एकट्या रोग्याचें पान वेगळें केलें कीं तो चोरून खाऊं लागतो, हें गृहिणींस सांगावयास नको. सणाला पुरणाची एक पोळी त्यालाही वाढावी व त्या जेवणांतला भात वजा करावा. जेवणानंतर दोन तासांनीं साखर मोजून ती वहींत टिपून ठेवावी. कोणता पदार्थ आपणांस किती सोसतो, याचा निवाडा महिन्याभरांत ती वहीच करील.