टाचणी, बिबट्या आणि उसातले गैरसमज

पुणे जिल्ह्यातील दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात दोन शिकारी राहतात. टाचणी तीन-चार सेंटिमीटरची, बिबट्या माणसाएवढ्या वजनाचा. ‘टाचणी कीटक, बिबट्या प्राणी’ ही विभागणी मात्र चुकीची. कीटकही प्राणीच. बिबट्याचा सांगाडा आत, हाडांचा. टाचणीचा बाहेर, म्हणून वाढताना तिला अनेकदा कात टाकावी लागते. शिवाय बिबट्या ही एकच जाती, तर टाचण्यांच्या जगात सुमारे 3,000 जाती आहेत.

टाचणी म्हणजे चतुराचे पिल्लू, असेही अनेकांना वाटते. पण पंख फुटलेला कीटक पुढे वाढत नाही. टाचणी बसताना बहुधा पंख पाठीवर मिटते, चतुर ते पसरून बसतो. तिची खरी पिल्ले पाण्यात असतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. ‘शेपटीत नांगी असते’ हेही खोटे. ती शेपटी नव्हेच, लांबट पोट आहे. टाचणी डंख मारत नाही.

बिबट्याबद्दलचे गैरसमज जिवावर बेततात. ‘जंगलातून वाट चुकून आला’ म्हणतात. पण उसात बिबट्याच्या पिढ्या जन्मल्या आहेत. कालव्याच्या पाण्याने ऊस वाढला, उसाने आडोसा दिला. अन्नही गावातच मिळते. अकोले तालुक्यातील अभ्यासात त्याच्या भक्ष्यात, वजनाच्या हिशेबाने, सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला.

‘पकडून लांब सोडा, प्रश्न मिटेल’ हा सर्वात महागडा गैरसमज. शिरूर ज्यात येतो त्या जुन्नर वनविभागात 2001 पासून हे मोठ्या प्रमाणावर झाले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या शहाणा होत नाही, बिथरतो. पिंजरा कधीच लावू नये असे नाही. हल्लेखोर बिबट्याला आवरावेच लागते. पण दिसला की पकडा, हा उपाय नव्हे.

ऊसतोडीत पिल्ले सापडली, तर आईने टाकली असे समजू नका. ती बहुधा जवळच असते, म्हणून धोकाही तिथेच असतो. पिल्लांना हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. फड सोडून मागे या आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.